रोव्हर ७५ घेताय? पाणी कुठे मुरतंय ते आधी पाहा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मूळचा चिंचवडचा, सध्या इंग्लंडात सॉलिहलला राहतो. रोज कॉव्हेंट्रीला कामाला जातो, महिन्यातून दोन-तीनदा बर्मिंगहॅमच्या मध्यवस्तीत जावं लागतं. पहिल्यापासून रोव्हर ७५ची ओढ आहे: क्रोमची कड, अंडाकृती डायल, आतलं लाकूड. दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली २००३ची, १.८ पेट्रोल, मॅन्युअल, ६४,००० मैल, १,४५० पौंड. विक्रेता म्हणतो, 'हेड गॅस्केटचं (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं) काम झालंय', पण बिल नाही. दुसरी २००४ची, २.० सीडीटीआय डिझेल, मॅन्युअल, १,२१,००० मैल, १,८५० पौंड. एकाच निवृत्त गृहस्थांच्या हातातली, बिलांची जाड फाइल आहे. मात्र शेवटच्या एमओटीत (इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत) मागचे ब्रेक पाइप गंजल्याची सूचना आहे. इंटरनेटवर सहा सिलिंडरच्या पेट्रोल गाड्या, २.५ व्ही६सुद्धा दिसतात. पत्नी म्हणते, वीस वर्षांची गाडी म्हणजे घरात पाहुणा आणून बसवायचा आणि त्याचीच सेवा करायची. कोणती घेऊ? आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघू?"

सस्नेह नमस्कार.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून आमचं मत दुसऱ्या गाडीकडे, म्हणजे डिझेलकडे झुकतं. का ते सांगतो, आणि तीही नाकारावी लागेल अशा खुणा कोणत्या तेही सांगतो. पत्नीची शंका उडवून लावू नका. ही गाडी सेवा मागते, आणि ती मुख्यतः एकाच गोष्टीसाठी मागते. आपल्याकडे संशय आला की म्हणतात, "कुठेतरी पाणी मुरतंय." रोव्हर ७५च्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे. इंजिनातलं पाणी बाहेर जातं आणि आभाळातलं पाणी आत येतं. तिच्या महागड्या दुखण्यांपैकी बरीचशी या दोन वाटांवरच भेटतात.

गाडीचा जन्म कसा झाला हे आधी माहीत असू द्या, म्हणजे पुढचं लवकर कळेल. रोव्हर त्या वेळी बीएमडब्ल्यूकडे होती. ऑक्टोबर १९९८मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये ७५ लोकांसमोर आली, १९९९मध्ये विक्री सुरू झाली. आधी ती ऑक्सफर्डजवळच्या काउलीला बनत असे. २०००मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर सोडली, कंपनी फिनिक्स गटाकडे १० पौंडांत गेली आणि एमजी रोव्हर झाली, आणि ७५चं उत्पादन लाँगब्रिजला, तुमच्या सॉलिहलच्या जवळच, हललं. पुढे खर्चकपात सुरू झाली आणि काही लहानसहान भाग हलके झाले. एप्रिल २००५मध्ये एमजी रोव्हर कोसळली. त्यामुळे कंपनीचं शोरूम, कंपनीची वॉरंटी हा विषयच आता संपला. स्वतंत्र गॅरेज, सुटे भाग विकणारे दुकानदार आणि मालकांचा क्लब एवढ्यावरच ही गाडी चालते, आणि खरं सांगायचं तर बरी चालते. रोजच्या झिजेचे भाग अजून मिळतात. अडचण येते ती आतल्या प्लास्टिकच्या ट्रिमची आणि काही इलेक्ट्रॉनिक डब्यांची.

चिंचवडच्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट: त्याच कंपनीची छोटी 'सिटीरोव्हर' ही टाटांच्या पुण्याच्या कारखान्यात बनलेली इंडिका होती. आणि आज रोव्हर हे नावही टाटांच्या मालकीच्या जेएलआरकडेच (जग्वार लँड रोव्हर) आहे.

आता पहिली गाडी. १.८ लीटरचं के सिरीज इंजिन वाईट नाही. हलकं आहे, मोकळं फिरतं. पण एवढी जड सलून ओढायला त्याच्याकडे जेमतेम १२० अश्वशक्ती आहे, त्यामुळे ते कायम जोर लावूनच काम करतं. त्याचं हेड गॅस्केट का जातं हे नीट समजून घ्या, कारण "काम झालंय" या शब्दांची किंमत त्यावरच ठरते. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, सिलिंडरचे लायनर (आतली नळकांडी) वेगळे बसवलेले आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, एकूण प्रमाण कमी. दहा लांब बोल्ट हेडपासून थेट खालच्या ऑइल रेलपर्यंत सगळं एकत्र आवळून धरतात. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी पाण्याची झडप, इंजिनात पाणी शिरण्याच्या बाजूला आहे. तो उघडला की रेडिएटरमधलं गार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम घुसतं. धातू आकसतो, फुलतो, आणि हेड ब्लॉकवर केसाएवढं सरकत राहतं. मूळच्या जोडणीत हेडची जागा धरून ठेवणाऱ्या खुंट्या प्लास्टिकच्या होत्या आणि गॅस्केटवरची रबरी कड चिकटवलेली. ती कड एकदा सुटली की कूलंट वाट शोधतं.

बऱ्याचदा सुरुवात गॅस्केटपासून होतही नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या खालचं रबरी गॅस्केट थेंबथेंब पाणी सोडतं, रेडिएटरचा खालचा भाग गंजून ओलावतो, टाकीची पातळी हळूहळू उतरते, कुणाचं लक्ष नसतं. मग एके दिवशी पाणी कमी पडतं, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट बळी जातं. म्हणून नुसतं हेड गॅस्केट बदलून मूळची गळती तशीच ठेवली असेल, तर ते काम वर्ष-दीड वर्षात पुन्हा पुढ्यात येऊन उभं राहतं.

नीट झालेलं काम बिलावर ओळखता येतं. अनेक पदरी स्टीलचं गॅस्केट, स्टीलच्या खुंट्या, मजबूत केलेली ऑइल रेल, नवे बोल्ट, हेडचा पृष्ठभाग तपासून गरजेपुरता घासल्याची नोंद, लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर आहेत हे मोजल्याची नोंद, नवा पाण्याचा पंप, नवा टायमिंग बेल्ट आणि सुधारित हिरवं इनटेक गॅस्केट. पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणून हेड खोललेलं असताना हे दोन्ही न बदलणारा मेकॅनिक तुमच्या कामाचा नाही. तुमच्या विक्रेत्याकडे बिलच नाही. मग काम कोणी केलं, कशाने केलं, की नुसतं गळती बुजवायचं रसायन टाकीत ओतलं, हे कळायला मार्ग नाही. शिवाय टायमिंग बेल्टची मुदत ९०,००० मैल किंवा ६ वर्षं, जे आधी येईल ते. ६४,००० मैल कमी वाटतात, पण वर्षांच्या हिशेबाने या गाडीचा बेल्ट आत्तापर्यंत तीनदा बदललेला हवा. तोही कागद नसेल, तर १,४५० पौंडांची ही गाडी आमच्या हिशेबी डिझेलपेक्षा महाग आहे.

तरीही मन ओढ घेत असेल, तर एक चाचणी मागा. एका नळीतलं निळं द्रावण कूलंटच्या टाकीच्या तोंडावर धरतात आणि इंजिन चालू ठेवतात. ज्वलनाचा वायू पाण्यात मिसळत असेल तर निळं पिवळं पडतं. कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये हे साधन असतं. विक्रेता याला नाही म्हणाला, तर तिथेच तुम्हाला उत्तर मिळालं.

व्ही६बद्दल थोडक्यात. आवाज अप्रतिम, चालवायला या घराण्यातली सगळ्यात देखणी. पण तिला तीन टायमिंग बेल्ट आहेत, एक पुढे आणि दोन मागे, आणि ते बसवायला खास साधनं लागतात. हे काम नीट येणारे मेकॅनिक मोजके. थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर इंजिनाच्या व्हीच्या खोबणीत बसवलेलं आहे, ते तडकतं आणि गळलेलं पाणी तिथेच साठतं, खाली टिपूसही पडत नाही. मागच्या रांगेचे स्पार्क प्लग काढायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. त्याच मॅनिफोल्डवरच्या दोन मोटरी बिघडल्या की खालचा जोर जातो किंवा खडखडाट होतो. बेल्टचं ताजं बिल असेल तर जरूर विचार करा, नसेल तर दारातूनच परत फिरा. आणि १ मार्च २००१नंतर नोंदलेल्या गाडीचा रोड टॅक्स कार्बन उत्सर्जनावर ठरतो, व्ही६ ऑटोमॅटिकला तो बराच बसतो. नोंदणीपत्रावरचा उत्सर्जनाचा आकडा आधी वाचा.

आता डिझेल. हे इंजिन बीएमडब्ल्यूचं, १९५१ सीसीचं, सीडीटीआयमध्ये १३१ अश्वशक्तीचं. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. हेड गॅस्केटची ती ख्याती नाही. १,२१,००० मैल या इंजिनाला जड नाहीत. मात्र त्याची स्वतःची चार-पाच दुखणी आहेत आणि ती ओळखायला सोपी आहेत.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं, हे आधीच फोनवर सांगा. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवलेली आहे. किल्ली फिरवा पण लगेच स्टार्ट करू नका. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपावरच्या यंत्रासारखी बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो टाकीतला इंधन पंप. दुसरा पंप बॉनेटखाली आहे. दोन्हीपैकी एक मेला तरी गाडी काही दिवस चालते, मग चढावर किंवा टाकी कमी असताना दम तोडते. टाकीतला पंप मेला आणि मालकाने तसंच चालवलं, तर सगळा भार बॉनेटखालच्या पंपावर पडतो आणि तोही जातो. पहिल्या दोन सेकंदांत सुरू झाली, तर उत्तम.

चालवताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला १,८०० फेऱ्यांच्या पुढे एक ठाम ढकल जाणवली पाहिजे. गाडी मऊ, सुस्त वाटली, धूर काळा आला, तर हवेचं प्रमाण मोजणारा सेन्सर संशयित. त्याचा प्लग काढून पुन्हा चालवा. काढल्यावर गाडी जास्त चपळ झाली, तर सेन्सरच गेलाय. भाग महाग असला तरी बसवायला दहा मिनिटं लागतात, किंमत पाडायला हा चांगला मुद्दा आहे. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने तुंबतो, तो काढून साफ करता येतो. क्रँककेसच्या वाफेची गाळणी मात्र कुणीच बदलत नाही. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून, टर्बोमधून बाहेर फेकलं जातं. चार पैशांचा भाग आणि हजाराचं नुकसान. फाइलमध्ये त्याची नोंद शोधा. नसेल तर घेतल्यावर पहिलं काम हेच.

आणखी एक खास गोष्ट. डॅशबोर्डवरची तापमानाची सुई खरं सांगत नाही. तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात कुठेही असलं तरी सुई मुद्दाम मध्यावर शांत ठेवलेली आहे. म्हणजे इंजिन थोडं तापलं तरी ती हलणार नाही, आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकून इंजिन गार चालत असेल तरी हलणार नाही. डिझेलमध्ये हा दुसरा दोष फार आढळतो. हीटर कोमट, इंधन जास्त, आणि मालक म्हणतो "नेहमी अशीच होती". डायलखालच्या छोट्या पडद्यावर छुप्या चाचणी-यादीतून खरं तापमान अंशांत पाहता येतं. जाणकार मालकाला ते ठाऊक असतं, त्याला दाखवायला सांगा. हायवेवर वीस मिनिटं चालवूनही आकडा ७५च्या खाली राहत असेल, तर थर्मोस्टॅट बदलावा लागणार. बरेच मालक वरच्या होजमध्ये दुसरा थर्मोस्टॅट जोडून हा प्रश्न सोडवतात. उपाय साधा, स्वस्त आणि टिकाऊ आहे.

क्लचकडे जरा थांबून बघा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा भाग) प्लास्टिकचा आणि गिअरबॉक्सच्या पोटात बसवलेला आहे. तो गळला की गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीच भागाच्या कितीतरी पट. इंजिन चालू ठेवा, पेडल पूर्ण दाबून अर्धा मिनिट धरा, मग पहिला गिअर टाका. पेडल हळूहळू खाली सरकलं, गिअर कुरकुरला, किंवा पेडल सोडल्यावर ते वर यायला आळस करू लागलं, तर सिलिंडर जातोय. फाइलमध्ये क्लचचं बिल असेल तर त्यात स्लेव्ह सिलिंडरही लिहिलाय का बघा. डिझेलला दुहेरी वजनाचं फ्लायव्हील आहे. इंजिन बंद करताना खालून 'खडक्‌' असा धक्का आला, किंवा न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर खडखड आणि दाबल्यावर शांत, तर त्याचाही हिशेब धरा.

हे झालं इंजिनातल्या पाण्याचं आणि त्याच्या सोबत्यांचं. आता आभाळातल्या पाण्याकडे या. इथे तुम्हाला मेकॅनिकची गरज नाही, फक्त डोळे आणि एक बाटली पाणी हवं.

आपल्याकडे पावसाळ्याआधी पन्हळ साफ करतात, नाहीतर छपराचं पाणी भिंतीत उतरतं. या गाडीला अशीच एक पन्हळ आहे. बॉनेट उघडा आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी बघा. काचेवरून ओघळणारं पाणी तिथल्या खोलगट जागेत येतं आणि दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्यांतून खाली जातं. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे पानं, काटक्या, काळी माती साचते आणि नळी बंद होते. मग ते खोलगट भांडं भरतं. त्याच भागात बॅटरी आहे आणि इंजिनाचा कंट्रोल युनिटचा डबा आहे. डब्यात पाणी शिरलं की इंजिन कधी चालतं, कधी चालत नाही, दिवे लागतात, सेन्सर खोटं बोलतात, आणि गॅरेजवाला एकेक सेन्सर बदलत बसतो. पुढे पाणी पायाखालच्या कार्पेटमध्येही उतरतं.

म्हणून हे करा. प्लास्टिकचं आवरण उचला, टॉर्च मारा. मातीचा काळा, ओला थर दिसला तर पुढे सावध. मग दोन्ही बाजूंना एकेक लीटर पाणी सावकाश ओता. काही क्षणांत ते पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडलं पाहिजे. साचून राहिलं आणि थेंबथेंब उतरू लागलं, तर नळी तुंबलेली आहे. कंट्रोल युनिटच्या डब्याचं झाकण उघडू देत असतील तर आत पाण्याची रेषा, पांढरट-हिरवट बुरशी, जोडण्यांवर चुन्यासारखा थर आहे का बघा. हे सगळं कोरडं असेल, तर समजा त्या गृहस्थांनी गाडी जपली आहे.

त्यानंतर चपला काढून पुढच्या दोन्ही पायांजवळचं कार्पेट तळहाताने दाबा. वरून कोरडं वाटतं, खालचा जाड स्पंज मात्र भिजलेला असतो. दाबल्यावर हाताला गारवा आला, काच आतून धुरकट झालेली दिसली, कुबट वास आला, तर पाणी शिरतंय. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या तुंबतात. दारांच्या आतलं प्लास्टिक सुटतं. डिकीत सुट्या चाकाच्या खड्ड्यात बोट घालून बघा, मागच्या दिव्यांच्या सीलमधून तिथे पाणी येतं. सुटं चाक काढल्याशिवाय हे कळत नाही, आणि बहुतेक लोक ते काढत नाहीत.

ब्रेक पाइपची सूचना एमओटीत आहे म्हणून गाडी सोडू नका, पण तिच्याकडे डोळेझाकही करू नका. या गाडीत मागचे ब्रेक पाइप इंधन टाकीच्या आणि मागच्या सबफ्रेमच्या (चाकांचे भाग धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) वरून जातात, त्यामुळे बदलायला वेळ लागतो. काम करताना त्यांच्या शेजारचे इंधन पाइपही बघून घ्यावे लागतात. विक्रेत्याला सांगा, एकतर तुम्ही करून द्या, नाहीतर गॅरेजचा लेखी अंदाज घेऊन तेवढे पैसे कमी करा. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिच्या मागच्या एमओटी चाचण्यांचा इतिहास फुकट दिसतो, मैलांच्या आकड्यासह. मैल दर वर्षी कसे वाढले, एखाद्या वर्षी मागे गेले का, हे बघा. 'स्प्रिंग तुटली' ही नोंद या गाडीत वारंवार येते, कारण पुढची कॉइल स्प्रिंग खालच्या टोकाला तुटते आणि तुकडा टायरला भिडू शकतो. स्टिअरिंग एका बाजूने दुसऱ्या बाजूला पूर्ण फिरवा आणि चाकाच्या वरच्या खोबणीत टॉर्च मारून स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं बघा. तुटलेली असेल तर दोन्ही बाजूंची जोडीने बदलायची.

गंजाबद्दल ही गाडी त्या काळच्या मानाने बरी आहे, म्हणून लोक बघतच नाहीत. दाराखालच्या पट्टीवरच्या प्लास्टिकच्या आवरणाची टोकं, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढची सबफ्रेम हाताने चाचपा. दाराच्या पट्टीत बोट शिरत असेल, तर तिथेच निघून या, बाकी सगळं चांगलं असलं तरी.

चालवून आल्यावर इंजिन चालूच ठेवून एसी लावा. रेडिएटरचा पंखा हळू वेगात फिरायला लागला पाहिजे. त्याच्या हळू वेगाचा रेझिस्टर जळण्याची सवय आहे. मग तो फक्त इंजिन फार तापल्यावर जोरात लागतो आणि ट्रॅफिकमध्ये एसी थंड होत नाही. पेट्रोल गाडीत हा दोष आणखी धोक्याचा, कारण तिथे तापणं म्हणजे पुन्हा हेड गॅस्केट. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी बॉनेट उघडा. गोडसर वास आला तर कुठेतरी कूलंट तापलेल्या धातूवर पडतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची संधी मिळाली, तर रात्रभर उभ्या गाडीचं वरचं होज पिळून बघा. थंड इंजिनात ते मऊ लागलं पाहिजे. रात्र उलटूनही ते फुगलेलं, कडक असेल, तर ज्वलनाचा दाब पाण्यात जातोय.

किल्ल्या दोन आहेत का ते विचारा, आणि दोन्हींच्या बटणांनी चारही दारं व डिकी उघडतात का तेही. दाराच्या कुलपातला बारीक स्विच बिघडला की दार उघडं असल्याचा भास गाडीला होतो, आतला दिवा जळत राहतो, अलार्म रात्री वाजतो. हे दुरुस्त होतं. नवी किल्ली बनवायला मात्र 'टी४' नावाचं जुनं निदान यंत्र असलेला माणूस शोधावा लागतो. आतल्या लाकडाच्या लॅकरला तडे, छताचं कापड लोंबणं, काचेचा यांत्रिक भाग मंद चालणं हे दिसतंच, त्याला घाबरू नका. सॅट नॅव्हसाठी एक पौंडही जास्त देऊ नका, ते आता निरुपयोगी आहे. तुमचं मन जिंकणारं सगळं काही, क्रोम, लाकूड, ते पिवळसर अंडाकृती डायल, गाडीच्या आयुष्याशी फारसा संबंध नसलेलं आहे. ते बघायचा आनंद घ्या, पण किंमत त्यावर ठरवू नका.

शहरातल्या हवेच्या नियमांचा प्रश्न तुमच्यासाठी खरा आहे. बर्मिंगहॅमच्या मिडलवे रिंग रोडच्या आत स्वच्छ हवेचा विभाग आहे, तिथे युरो ६ या उत्सर्जन-मानकाच्या आधीच्या डिझेलला दिवसाला ८ पौंड. तुमच्या महिन्याच्या तीन फेऱ्यांचे २४ पौंड, वर्षाचे २८८. तेवढ्यासाठी डिझेल सोडू नका. सॉलिहलहून बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीट स्टेशनपर्यंत रेल्वे आहे, त्या दिवशी गाडी घरी ठेवा. लंडनला वरचेवर जायचं असेल तर हिशेब बदलतो, तिथे दिवसाला १२.५० पौंड. पेट्रोल गाड्यांपैकी काही सूट मिळवतात, काही नाही. नोंदणी क्रमांक टाकून प्रत्येकीची स्वतंत्र तपासणी करा, वर्षावरून अंदाज बांधू नका. आणि पुढे-मागे ही गाडी भारतात नेऊ असा विचार मनात असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवा. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करायला तिथे परवानगी मिळत नाही.

तेव्हा क्रम असा: डिझेल बघा, वरचं सगळं तपासा. पन्हळ कोरडी, कार्पेट कोरडं, क्लच ठाम, पंप दोन्ही जिवंत, दाराखालच्या पट्ट्या मजबूत असतील, तर ब्रेक पाइपचा खर्च वळता करून घ्या. आमच्या अंदाजाने १,६०० पौंडांच्या आसपास ती योग्य होईल, आणि पहिल्या वर्षासाठी ६०० ते ८०० पौंड वेगळे ठेवा. त्यातला खर्च झाला नाही तर उत्तम. पण हे पैसे आत्ता हाताशी नसतील तर घाई करू नका, गाडी पुढच्या वर्षीही मिळेल. पन्हळीत पाणी साचलेलं दिसलं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला असेल, तर ही गाडी कितीही स्वस्त दिली तरी नको.

व्यवहाराच्या दिवशी व्ही५सी या नोंदणीपत्राच्या कागदावर विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता जुळतो का बघा, आणि आधी तुकडे पडून पुन्हा जोडलेली गाडी नाही ना, यासाठी विमा-नोंद तपासणीचे थोडे पैसे खर्च करा. पैसे बँकेतून द्या. रोड टॅक्स जुन्या मालकाकडून तुमच्याकडे येत नाही, ऑक्टोबर २०१४पासून तो व्यवहाराबरोबर संपतो. म्हणून व्ही५सीची नव्या मालकासाठीची हिरवी चिठ्ठी हातात आल्याबरोबर मोबाइलवरूनच तुमच्या नावाने टॅक्स भरा, विमा सुरू झालाय याची खात्री करा, आणि मगच किल्ली फिरवा.

घरी आणल्यावर पहिल्याच शनिवारी पन्हळ आणि तिच्या दोन्ही नळ्या साफ करा. क्रँककेसची गाळणी बदला. कूलंट कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. लाल-केशरी, ओएटी प्रकारचं असेल तर तेच टाका, निळं त्यात मिसळू नका. टाकीवर थंड इंजिनाच्या पातळीशी कायम शाईने आडवी रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, आणि पहिला महिनाभर दर रविवारी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, त्या रेघेकडे बघा. रेघेच्या खाली पातळी दिसली तर नुसतं पाणी भरून गप्प बसू नका. त्याच आठवड्यात दाब-चाचणी करून घ्या, म्हणजे गळती कुठली ते दोनशे पौंडांत कळेल.

आपले,
सल्ला सदर